दारू सुटली, पण मामांची स्मरणशक्ती परत येईल का?

रानजाई

माझे मोठे मामा, वय ५४. सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात फिटर होते. वीस-बावीस वर्षांचं पिणं, शेवटची दोन वर्षं तर सकाळी उठल्यापासून. जेवण जवळजवळ बंदच. मामींनी ताट वाढलं की दोन घास चिवडायचे आणि उठायचे. दसऱ्याच्या सुमारास उलट्या सुरू झाल्या. मग एक दिवस एकाच्या जागी दोन माणसं दिसतात म्हणाले, पाय फाकवून भिंत धरून चालायला लागले, दिवस की रात्र कळेना. जवळच्या एका दवाखान्यात "चढलीय, उतरेल" म्हणून नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावून ठेवलं. तिथून मोठ्या रुग्णालयात हलवलं. तेव्हापासून दारूचा थेंब नाही. आता जेवतात, चालतात, वजनही भरलंय.

पण काल कोण आलं, सकाळी काय खाल्लं, काही आठवत नाही. आणि विचारलं की ठामपणे काहीतरी सांगतात. परवा म्हणाले, "आत्ताच कारखान्यातून आलो, बॉयलरचं काम निघालंय." नोकरी सुटून वर्ष झालं! मामी चिडतात, "आयुष्यभर पिऊन खोटं बोलले, आता न पिता बोलतात." धाकटे मामा म्हणतात सगळं नाटक आहे. मला ते पटत नाही. कारण याच माणसानं मागच्या रविवारी विहिरीवरची मोटर खोलली, बेअरिंग बदललं आणि जशीच्या तशी बसवली. तासाभरानं मलाच विचारलं, "मोटर कुणी केली गं? काम चांगलं केलंय."

हे कायमचं आहे का? कुणाच्या घरी असं झालंय का?

वाटसरू

वाचून अंगावर काटा आला. माझ्या वडिलांचं अगदी असंच होतं. आम्ही वय झालं म्हणून सोडून दिलं, तेव्हा ते साठीचेही नव्हते. जाणकारांच्या प्रतिसादाची वाट बघतोय.

झणझणीत

नाटक नसेलच असं नाही हं. आमच्या गल्लीतला एक जण उधारी मागितली की बरोब्बर विसरतो. बायकोचा वाढदिवस मात्र... तोही विसरतो म्हणा.

मृदुला_ग

झणझणीत, इथे घरातल्या माणसाबद्दल विचारलंय. जरा बेतानं.

स्टेथोस्कोप

रानजाई, रुग्ण न तपासता निदान करणार नाही. पण तुम्ही लिहिलेला क्रम मेंदूविकाराच्या कुठल्याही डॉक्टरच्या कानाला ओळखीचा वाटेल: जेवण बंद, उलट्या, डोळ्यांची हालचाल बिघडणं, तोल जाणं, भ्रम. आणि त्यातून उठल्यावर नवीन काहीच लक्षात न राहणं.

पहिल्या भागाचं वर्णन कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरनं १८८१ साली केलं. दुसऱ्याचं रशियाच्या सर्गेई कोर्साकोव्हनं, १८८७ मध्ये. म्हणून वेर्निके-कोर्साकोव्ह असं जोडनाव आहे. वेर्निकेच्या तीन रुग्णांपैकी दोन दारू पिणारे पुरुष होते, तिसरी मात्र एक शिवणकाम करणारी तरुणी. तिनं सल्फ्युरिक अ‍ॅसिड प्यायलं होतं आणि नंतर तिच्या उलट्या थांबत नव्हत्या. दारूचा संबंधच नव्हता. मग तिघांमध्ये समान काय? पोटात अन्न नाही, म्हणून बी-१ म्हणजे थायमिन नाही. हे अर्थात पुढे कित्येक दशकांनी कळलं, त्या काळी जीवनसत्त्वांचा शोधच लागला नव्हता.

थायमिनशिवाय मेंदूच्या पेशींना ग्लुकोजपासून ऊर्जा काढता येत नाही. शरीरात त्याचा साठा जेमतेम २५-३० मिलिग्रॅम, दोन-तीन आठवड्यांत संपतो. पिणारा माणूस जेवत नाही. जे खातो त्यातलं थायमिन आतड्यातून शोषलं जायला दारू अडथळा आणते. आणि यकृत खराब असेल तर साठवण होत नाही. तिन्ही बाजूंनी कोंडी होते. मेंदूच्या मध्यभागी स्मरणाच्या साखळीतले काही छोटे भाग आहेत, ते यात सगळ्यात आधी मार खातात.

मामांचं मोटरचं उदाहरण फार बोलकं आहे. टेपरेकॉर्डरचं रेकॉर्डिंगचं बटण बिघडलं तरी जुन्या कॅसेट वाजतात, तसं झालंय. हाताला बसलेलं कौशल्य वेगळ्या जागी असतं, ते शाबूत आहे. आज सकाळची नोंदच होत नाहीये. आणि "कारखान्यातून आलो" हे खोटं नाही. खोटं बोलणाऱ्याला खरं काय ते माहीत असतं. मामांना माहीत नाही. रिकाम्या जागेत मेंदू जुनी, खरीच आठवण आणून बसवतो आणि त्यांना ती आजची वाटते. मामींना हे एवढं तरी नक्की सांगा.

रानजाई

स्टेथोस्कोप, हे मामींना मोठ्यानं वाचून दाखवलं. काही बोलल्या नाहीत, पण रात्री "आज कारखान्यात काय झालं?" असं विचारताना ऐकलं मी त्यांना. ग्लुकोजच्या सलाईनबद्दल काही सांगाल का? त्यानं नुकसान झालं का?

स्टेथोस्कोप

झालं की नाही हे आता कुणालाच ठरवता येणार नाही. नियम मात्र असा: उपाशी, दारू पिणारा, भांबावलेला रुग्ण आला की ग्लुकोजच्या आधी किंवा निदान बरोबरच थायमिनचं इंजेक्शन द्यायचं. आधीच टंचाई असताना नुसतं ग्लुकोज गेलं तर उरलंसुरलं थायमिन ते पचवण्यात खर्ची पडतं आणि आजार उफाळू शकतो. इंजेक्शन स्वस्त आहे. अडचण ओळखण्यात आहे, कारण डोळे, तोल आणि भ्रम ही तिन्ही लक्षणं एकत्र थोड्याच रुग्णांत दिसतात. तोंडाला दारूचा वास आला की "चढलीय" म्हणून मोकळं व्हायचं, हे आमच्या पेशातलं जुनं दुखणं आहे. मला त्याचा मनापासून राग येतो.

अण्णा_शनिवारवाले

सर्वांचा आदर राखून सांगतो, हे सगळं अतिरेक करणाऱ्यांचं. माझे आजोबा नव्वदीपर्यंत रोज रात्री एक पेग घेत आणि गीतेचे अध्याय तोंडपाठ म्हणत. प्रमाणात घेतली तर काही होत नाही.

वाटसरू

अण्णा, असे एक आजोबा प्रत्येक घराण्यात असतात. जे पन्नाशीत गेले त्यांचे किस्से सांगायला कुणी बसत नाही.

गणिती

अण्णा, "प्रमाणात" हा शब्द मोजून बघू. २०२० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटानं स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत अतिमद्यपान घातलं. त्यांची रेषा आहे आठवड्याला २१ ब्रिटिश युनिट. एक युनिट म्हणजे १० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल.

आपल्याकडची क्वार्टर १८० मिलिलिटर, ४२.८ टक्के. गुणाकार करा: ७७ मिलिलिटर, म्हणजे ७.७ युनिट. आठवड्याला तीन क्वार्टर झाल्या की २३, रेषा ओलांडली. ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअर, मोठी ६५० ची बाटली: ५.२ युनिट. चार बाटल्यांत रेषेला टेकलात. "मी फक्त बिअर घेतो" म्हणणाऱ्यांनी हा हिशोब दोनदा करावा.

झणझणीत

शाळेत युनिटची गणितं अशी शिकवली असती तर मागचा बाक ओस पडला असता. पण गंमत सोडा, मी आत्ता बसून माझा आठवडा मोजला. आकडा इथे लिहीत नाही.

स्टेथोस्कोप

गणितींना पुस्ती. २१ च्या खाली सगळं निर्धास्त, असं मात्र नाही. २०१७ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधला अभ्यास आला: ५५० माणसं, तीस वर्षांच्या पिण्याच्या नोंदी, शेवटी एमआरआय. मध्यम पिणाऱ्यांमध्येही हिप्पोकॅम्पस, म्हणजे स्मरणासाठी अत्यंत महत्त्वाचा भाग, आक्रसलेला असण्याचं प्रमाण न पिणाऱ्यांपेक्षा जास्त होतं. २०२२ मध्ये तिथल्याच ३६ हजारांहून जास्त लोकांच्या एमआरआयमध्ये दिवसाला एक-दोन युनिटच्या पातळीपासूनच मेंदूचं आकारमान कमी दिसलं. हे संबंध आहेत, प्रत्येक माणसाचं भविष्य नव्हे. अण्णांच्या आजोबांना म्हणून त्यात जागा आहे. पण त्यांच्याकडे बघून कुणी रोजचा पेग सुरू करू नये.

अण्णा_शनिवारवाले

तीस वर्षांच्या नोंदी असतील तर ऐकावं लागेल. तरीही "एक थेंबही विष" ही भाषा मला टोकाची वाटते, आणि ती ऐकून पिणारा माणूस दार लावून घेतो असा माझा अनुभव आहे.

पहाटवारा

अण्णांच्या शेवटच्या वाक्याशी सहमत, आणि मी दाराच्या आतून बोलतोय. मी दारुडा होतो, आता बरीच वर्षं कोरडा आहे.

दोन गोष्टी सांगायच्यात. पहिली, ब्लॅकआउट. लोकांना वाटतं माणूस बेशुद्ध पडतो. नाही. मी बोलत होतो, गाडी चालवत होतो, मेव्हण्याच्या साखरपुड्यात भाषण केलं होतं म्हणे. सकाळी त्यातलं एक अक्षर नाही. फोटोत स्वतःला माईक धरलेला बघितला आणि तो दुसराच कुणी वाटला. नंतर समुपदेशकांनी समजावलं की ती आठवण पुसली गेलेली नसते, मुळात तयारच झालेली नसते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मी एकदा रागाच्या भरात एका रात्रीत बंद केली. देवापुढे शपथ घेऊन. दुसऱ्या दिवशी हात असे थरथरायला लागले की चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागला. संध्याकाळी आकडी आली. त्यानंतर भिंतीवर मुंग्यांच्या रांगा दिसायला लागल्या, मी त्या झाडूनं झाडत होतो. घरच्यांना वाटलं बाहेरचं काही लागलं, अंगारा लावला. शेजारच्या बाईंनी धरून दवाखान्यात नेलं म्हणून आज लिहितोय. रोज पिणाऱ्यानं एकदम बंद करणं घरी, एकट्यानं करू नका. "इच्छाशक्ती पाहिजे" असं सांगणाऱ्यांना हे दाखवा.

स्टेथोस्कोप

पहाटवारा, तुमचा प्रतिसाद या धाग्यात सगळ्यात वर असायला हवा. दारू मेंदूतले शांत करणारे संदेश वाढवते आणि उत्तेजित करणारे दाबते. रोज पिणाऱ्याचा मेंदू तोल सांभाळायला स्वतःला उलट्या दिशेनं बदलून घेतो. दारू अचानक काढली की तो बदल तसाच राहतो आणि मेंदू अतिउत्तेजित होतो. आकडी शेवटच्या पेगनंतर साधारण ६ ते ४८ तासांत येते. भास, ताप, धडधड, भ्रम हे दोन ते चार दिवसांत. या दुसऱ्या अवस्थेत उपचार नसतील तर माणूस दगावू शकतो. औषधं देऊन हा काळ सुखरूप पार पाडता येतो.

वऱ्हाडी_ठसका

एवढं सगळं वाचलं अन् मले एकच वाटते, दुकानंच बंद करा ना भाऊ. वर्धा जिल्हा १९७५ पासून बंद आहे, गडचिरोली १९९३ पासून.

चांदेकर

मी चंद्रपूरचा. आमच्याकडे २०१५ ला बंदी आली, २०२१ ला उठली. गावोगावच्या बायकांनी मोर्चे काढून आणलेली बंदी होती ती. मधल्या काळात चोरटी दारू आली हे खरं, भावही दुप्पट-तिप्पट झाले. पण आमच्या मोहल्ल्यात संध्याकाळची भांडणं कमी झाली होती, हेही मी डोळ्यांनी पाहिलंय. दोन्ही बाजू खऱ्या आहेत.

गणिती

चोरट्या दारूचा धोका वेगळाच. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं गेली ती मिथेनॉल या विषारी अल्कोहोलनं. शरीरात त्याचं फॉर्मिक अ‍ॅसिड होतं आणि डोळ्याची नस जळते. वाचलेल्यांचीही दृष्टी जाऊ शकते.

मृदुला_ग

बंदीवर वेगळा धागा काढा ना कुणीतरी. इथे रानजाईच्या मामांबद्दल बोलू.

पणजीकर_शणै

बंदी नाही, पण एक गोष्ट आमच्या गोव्याची सांगतो. आमच्याकडे काजूचा हंगाम आला की उर्राक, म्हणजे काजूच्या फळांची दारू, घरोघरी, कुणी "पिणारा" म्हणून बोट दाखवत नाही. त्यामुळे कोण कधी हद्द ओलांडतो ते कळतच नाही. इथे 'संगथ' संस्थेनं सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. डॉक्टर नव्हे, मानसशास्त्राची पदवी नसलेले पण प्रशिक्षण दिलेले साधे लोक समुपदेशक. सर्दी-तापासाठी आलेल्या पुरुषांना पिण्याबद्दल प्रश्न विचारायचे, आणि ज्यांचं पिणं धोक्याकडे झुकलंय त्यांच्याशी जास्तीत जास्त चार बैठका बोलायचं. नेहमीच्या उपचारांपेक्षा दारू थांबवणाऱ्यांचं प्रमाण चांगलं वाढलं. २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये आलं ते. मेंदू बिघडण्याच्या आधीच गाठणं म्हणजे हेच ना?

अनामिका_२

नाव न देता लिहिते. नवऱ्याच्या चहात गुपचूप घालायची पावडर एकानं दिली होती, "न सांगता सुटते" म्हणून. दोन दिवसांनी तो प्यायला आणि तोंड लालबुंद, छातीत धडधड, उलट्या, खाली कोसळला. मला वाटलं मी मारलंच त्याला. वाचला. ते काय होतं?

स्टेथोस्कोप

ताई, ते बहुधा डायसल्फिरम असावं. त्यानं दारूचं पचन अर्ध्यावर थांबतं, अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य साचतं आणि तुम्ही पाहिलंत ते सगळं होतं. हृदयाचा आजार असेल तर जीव जाऊ शकतो. हे औषध चांगलं आहे, पण रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनं आणि तपासण्या करूनच. तुम्ही घाबरून मदत शोधत होतात, फसवलं त्या पावडर विकणाऱ्यानं. व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस, १४४१६. तुम्ही स्वतःसाठीही फोन करू शकता.

पहाटवारा

अनामिका, पुण्यातलं मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतंय, तिथे बायकांसाठीही मदतगट आहेत. माणूस पीत असला तरी बायको जाऊ शकते. माझी बायको माझ्याआधी जायला लागली होती.

लिव्हरपूलची_मावशी

उशिरा आले. मी इथे स्मृतिविकारांच्या दवाखान्यात नर्स आहे. रानजाई, तुझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर अजून कुणी नीट दिलेलं नाही, म्हणून लिहिते.

हा अल्झायमर नाही. तो पुढे सरकतच राहतो. दारूमुळे झालेली ही इजा, दारू बंद आणि आहार व थायमिन चालू असेल तर सहसा वाढत नाही. आम्ही घरच्यांना ढोबळमानानं असं सांगतो: चारांपैकी एक जण जवळजवळ पूर्ण सावरतो, एक बराचसा, एक थोडासा, आणि एकात फरक पडत नाही. सुधारणा पहिल्या काही महिन्यांत जास्त दिसते, पण दोन-तीन वर्षांपर्यंत होत राहते. तुझ्या मामांना दसऱ्यापासूनचाच काळ मिळालाय. आत्ताच निकाल लावू नका.

घरात करायचं ते असं. "सांगा बघू, मी कोण? सकाळी काय खाल्लं?" ही परीक्षा रोज घेऊ नका, त्यानं माणूस खचतो आणि आणखी गोष्टी रचतो. एक मोठा फळा स्वयंपाकघराच्या दाराशी लावा: आज वार, तारीख, कोण येणार, कुठली गोळी झाली. मोबाइलचे गजर लावा. वस्तू नेहमी त्याच जागी ठेवा. ज्या कामात हात चालतात ती कामं द्या, मोटर दुरुस्त करतात ना, करू द्या! शेजारीही तुमचाच पंप बघा म्हणून आणतील. त्यांच्याकडून चुका होऊ न देता, एकेक पायरी सोबत करून शिकवलं तर नवीन सवयही लागते, जरी शिकल्याचं आठवलं नाही तरी.

आणि बँकेचं आत्ताच बघा. आमच्या एका रुग्णानं एकाच माणसाला एकच रक्कम तीनदा उसनी दिली. मामांकडून कागदावर सह्या कोण घेतंय यावर डोळा ठेव.

वाटसरू

मावशी, माझे वडील गेले, पण हे वाचून ते फळ्याचं आमच्या लक्षात का नाही आलं असं वाटत राहिलं. धन्यवाद.

स्टेथोस्कोप

मावशींच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. एक भर: मामा कधी पडलेत का, डोक्याला मार लागलाय का? पिणाऱ्यांचा मेंदू आक्रसलेला असतो, त्यामुळे कवटी आणि मेंदू यांच्यातल्या शिरा ताणलेल्या असतात. साध्या पडण्यानं तिथे हळूहळू रक्त साचतं आणि गोंधळ कित्येक आठवड्यांनी दिसतो. शस्त्रक्रियेनं तो बरा होतो, म्हणून सीटी स्कॅन चुकवू नका. शिवाय यकृत, थायरॉइड आणि बी-१२. यकृत निकामी होत असेल तर रक्तात अमोनिया वाढून माणूस दिवसा झोपाळू, रात्री जागा आणि गोंधळलेला राहतो, त्यावरही औषध आहे. सगळं खापर कोर्साकोव्हवर फोडून बसू नये.

रानजाई

मंडळी, काल मामांना घेऊन मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. श्रावणात न्हाणीघरात पडले होते, हे मामींना स्टेथोस्कोपच्या प्रतिसादावरूनच आठवलं. स्कॅनमध्ये रक्त साचलेलं नाही. मेंदूचा पुढचा भाग वयाच्या मानानं आक्रसलाय म्हणाले. थायमिन चालूच ठेवायचंय, बी-१२ ची इंजेक्शनं सुरू झालीत. कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं तर आकडे नीट काढले, काटे मात्र मागितलेल्या वेळेवर लावता आले नाहीत. परत येताना धाकटे मामा गाडीत एक शब्द बोलले नाहीत. संध्याकाळी तेच फळा घेऊन आले.

एक शेवटचा प्रश्न. मामा मोटरसायकलची किल्ली मागतात. गाडी उत्तम चालवतात, हात बसलेला आहे. द्यावी का?

स्टेथोस्कोप

सध्या नको. क्लच-गिअर आठवेल, पण कुठे निघालोय ते वाटेत विसरेल, आणि अचानक कुणी आडवं आलं तर निर्णय घ्यायला लागणारा मेंदूचा पुढचा भागच दुखावलेला आहे. किल्ली लपवून वाद घालण्यापेक्षा डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या, "सहा महिने गाडी चालवू नये". ती चिठ्ठी फळ्याशेजारी चिकटवा. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी करून ठरवू.

लिव्हरपूलची_मावशी

आणि गाडी धुवायला, चेन-ऑइलिंग करायला खुशाल द्या. फक्त पेट्रोलचा कॉक बंद करून ठेवा.